मदत हवी आहे: घरचा पीसी रोज सकाळी २००९ सालात जातो, बँकेची साइट उघडत नाही

गावी आईबाबांकडे जुना असेंबल्ड डेस्कटॉप आहे, विंडोज १० टाकलेलं, बाबा त्यावर बँकेचं बघतात, सातबारा काढतात आणि उरलेला वेळ पत्ते खेळतात. हल्ली रोज सकाळी चालू केला की काळ्या स्क्रीनवर सीमॉस चेकसम एरर असं काहीतरी येतं, एफ१ दाबलं की विंडोज सुरू होतं पण तारीख १ जानेवारी २००९, आणि क्रोममध्ये कुठलीही साइट उघडा, लाल त्रिकोण आणि कनेक्शन प्रायव्हेट नाही म्हणतंय. तारीख हाताने बदलली की दिवसभर काही तक्रार नाही, दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. बाबांना वाटतंय कोणीतरी हॅक केलंय, त्यांनी वायफायचं बटणच बंद करून ठेवलंय. गावातला दुरुस्तीवाला बघून गेला, मदरबोर्ड गेलाय म्हणे, साडेचार हजार सांगितले. अँटीव्हायरसचा फुल स्कॅन मारून झाला, काही सापडलं नाही. मी पुण्यात, लगेच जाणं होणार नाही, फोनवरून सांगून करता येईल असं काही आहे का?

चिवडा_कमी_तिखट: फॉरमॅट मारा. सगळ्यावर एकच औषध.

जुनं_ते_सोनं: अहो फॉरमॅट कशाला, विंडोज लोड व्हायच्या आधीच एरर येतेय ना. एक सांगा, बाबा रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करतात का?

धागाकर्ता: हो, मेन बटण बंद केल्याशिवाय झोपत नाहीत, वीज पडायची भीती. का?

जुनं_ते_सोनं: मग सापडलं. मदरबोर्डवर एक गोल चपटा सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. लाईट नसताना पीसीचं घड्याळ त्याच्यावर चालतं. भिंतीवरचं बटण चालू असलं की पीसी बंद असला तरी मदरबोर्डला थोडा करंट मिळत राहतो म्हणून सेल मेला तरी कळत नाही, रात्री बटण बंद झालं की घड्याळ थांबतं आणि सकाळी बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा स्वतःचा प्रोग्रॅम, आपली मूळ तारीख दाखवतो. लाल त्रिकोण पण त्याचाच. प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे साइट खरी आहे हे सांगणाऱ्या डिजिटल ओळखपत्राला, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, तुमच्या पीसीच्या हिशेबाने २००९ चालू आहे म्हणजे ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही. हॅकबिक काही नाही. इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळायला हवी खरं तर, पण फरक इतक्या वर्षांचा असला की विंडोज का कू करतं.

फक्त बाबांना सांगा, तो त्रिकोण आला की अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन तरीही पुढे जा असं बँकेच्या साइटवर कधीच करायचं नाही. आधी तारीख बघायची.

सेल घड्याळाच्या दुकानात पण मिळतो, पन्नासेक रुपये. प्लग भिंतीतून काढायचा, मग पीसीचं पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवायचं म्हणजे उरलासुरला करंट जातो. कॅबिनेट आडवं करायचं, झाकण उघडलं की आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा, अंगातली स्टॅटिक वीज निघून जावी म्हणून. सेलच्या कडेला छोटी क्लिप असते ती जरा बाजूला सारली की सेल टुणकन वर येतो. नवा बसवताना अक्षरं असलेली बाजू, म्हणजे प्लस, वर. मग चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहायचं, बायोसमध्ये तारीख वेळ घालायची, एफ१० ने सेव्ह. झालं.

वायरमन_नाही_मी: सेल काढायच्या आधी बायोसमधल्या साटा मोडचा (हार्डडिस्कशी कसं बोलायचं ते सेटिंग) फोटो काढून ठेवा, एएचसीआय आहे का आयडीई. ते बदललं तर विंडोज निळी स्क्रीन देतं आणि मग माणूस हार्डडिस्कला शिव्या घालत बसतो.

जुनं_ते_सोनं: मुद्दा बरोबर, पण यांचा सेल आधीच मेलाय, सेटिंग रोजच डिफॉल्टवर जातंय आणि तरी विंडोज सुरू होतंय. तरी फोटो काढा, फुकट आहे.

गवती_चहा: माझ्याकडे वेळ बरोब्बर साडेपाच तासांनी चुकते, सेल पण नवीन टाकला. विंडोजसोबत लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीमपण आहे त्यावर.

जुनं_ते_सोनं: ताई तुमचं वेगळं आहे. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ, लिहितं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये लोकल टाइम वापर म्हणून एक कमांड देता येते, वेगळा धागा काढा, तिथे देतो.

धागाकर्ता: झालं!! शेजारचा अकरावीतला मुलगा आला होता, व्हिडिओ कॉलवर बाबा टॉर्च धरून आणि तो स्क्रूड्रायव्हर घेऊन. क्लिप सापडायलाच सगळा वेळ गेला, वर इतकी धूळ होती. तारीख घातली, रात्री बटण बंद केलं, आज सकाळी तारीख बरोबर, एफ१ पण मागितलं नाही. बँक उघडली. धन्यवाद सगळ्यांना. बाबा त्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊन विचारणार आहेत म्हणे, मी नको म्हणतोय.

वायरमन_नाही_मी: जाऊ द्या की बाबांना. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, बँकेचं काम त्याच मशीनवर करणार असाल तर त्याचाही विचार करा.

गवती_चहा: तो काढलेला सेल टेबलावर ठेवू नका हं, घरात लहान मूल येत असेल तर. गिळला तर तासाभरात सुद्धा आतून भाजायला लागतं. चिकटपट्टी गुंडाळा आणि ई-कचऱ्यात द्या.