मदत हवी आहे: गावच्या पाणी योजनेला मोबाईल स्टार्टर बसवावा का?

नमस्कार मंडळी, खानापूर तालुक्यातलं आमचं गाव, पंचायतीच्या बोअरचं पाणी ५० हजार लिटरच्या टाकीत चढतं आणि तिथनं नळाला. जल जीवन मिशनच्या रोज माणशी ५५ लिटरच्या हिशेबानं एक टाकी ९०० माणसांना पुरायला पाहिजे, पण वरच्या गल्लीत घागर भरेपर्यंत नळ फुस्स करतोय आणि खाली गटारीतनं पाणी वाहतंय.

आता पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब म्हणताहेत मोबाईलवरनं मोटर चालू-बंद करणारा स्टार्टर आणि टाकीत पाण्याची पातळी सांगणारा लेव्हल सेन्सर बसवूया. माझं मत, आधी टाकीच्या आउटलेटला मीटर बसवा, रात्री सगळे नळ बंद असताना मीटर फिरला तर गळती कुठंतरी आहेच की, नुसता स्टार्टर घेऊन काय उपयोग? शिवाय पावसात थ्री फेज गेली की दोन-दोन दिवस येत नाही, तेव्हा सेन्सर काय करणार, भाड्याचा जनरेटरच लागतो.

कुणाच्या गावात असलं बसवलंय काय? आमच्याकडं रेंज जाऊन येऊन असते, तरी चालतंय का? ड्राय रनला, म्हणजे बोअरचं पाणी संपून मोटर कोरडी फिरायला लागली की, ती आपोआप बंद होते का? आणि जनरेटरचं भाडं पंचायत कुठल्या फंडातनं घालते तेवढं सांगा, बुधवारी मीटिंग आहे.