हॉटेलमालकांची संघटना सरकारशी भांडते, पण कोणासाठी?

गिरगावकर_१०

१४ जुलै २०२५ ला राज्यातले परमिट रूम आणि बार एक दिवस बंद राहिले. परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट ५ वरून १० टक्के, परवाना शुल्कात १५ टक्के वाढ आणि त्यावर उत्पादन शुल्कही वाढलेलं. बंदची हाक दिली होती 'आहार'ने, म्हणजे मुंबईतल्या हॉटेल-रेस्टॉरंट मालकांच्या संघटनेने. त्या निमित्ताने या संघटनेच्या राजकारणावर बोलायला हवं असं वाटलं. माझं मत सरळ आहे: मालकांची संघटना सरकारशी भांडताना कामगाराच्या पोटाचा मुद्दा पुढे करते, आणि निकाल लागला की फायदा गल्ल्यापाशीच थांबतो.

सगळ्यात मोठा दाखला डान्सबारचा. २००५ साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना मुंबई पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही दोन कलमं आली. ३३अ ने परमिट रूम आणि बिअर बारमधला नाच बंद केला, ३३ब ने थ्री-स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना सूट दिली. आहार कोर्टात गेली. १२ एप्रिल २००६ ला उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, १६ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. २०१४ ला सरकारने स्टार हॉटेलांची सूट काढून बंदी परत आणली, ऑक्टोबर २०१५ मध्ये तिला स्थगिती मिळाली, २०१६ ला वेगळा कायदा आला आणि १७ जानेवारी २०१९ ला त्यातल्याही बऱ्याच अटी गेल्या.

२०१३ च्या निकालपत्रात ७५ हजारांहून जास्त बायकांचं काम गेल्याचा उल्लेख आहे. त्या आकड्याचं वजन कोर्टात पडलं, आणि ते पडायलाच हवं होतं. पण २०१६ च्या अटींमध्ये एक अट होती की नाचणाऱ्या बाईला लेखी करारावर, महिन्याच्या पगारावर ठेवा आणि पैसे बँकेत भरा. महिन्याच्या पगाराची अटही २०१९ ला रद्द झाली. लढाई बायकांच्या रोजगारासाठी होती, तर बांधील पगार मालकांना का नको होता?

परमिट_रूम

मी या धंद्यात आहे, संघटनेचा सभासदही आहे, त्यामुळे माझी बाजू कुठली ते आधीच सांगतो.

३३अ आणि ३३ब शेजारी शेजारी ठेवून वाचा. तोच नाच थ्री-स्टार हॉटेलात करमणूक आणि माझ्या बारमध्ये गुन्हा. गिऱ्हाइकाच्या खिशावरून नीतिमत्ता ठरवणारा हा कायदा होता, आणि उच्च न्यायालयाने नेमका तोच भेदभाव धरला. हे कोर्टात सांगायला वीस टेबलांचा एकटा मालक गेला असता का? गेला असता तर परत येऊन धंदा करू शकला असता का? शॉप अॅक्ट, महापालिकेचा आरोग्य परवाना, फूड लायसन्स, अग्निशमनची ना-हरकत, एक्साईजचं एफएल-३ (परमिट रूमचा दारू परवाना), इतक्या ठिकाणी आमची मान अडकलेली असते. प्रत्येक कागदामागे एक साहेब असतो. साहेबाला नाही म्हणायची हिंमत मला संघटनेमुळे येते. माझ्यासारख्याला मंत्रालयात कोणी ओळखत नाही, आणि मोठ्या हॉटेल कंपन्यांना संघटनेवाचून अडत नाही. ही संघटना गरजेची आहे ती लहान माणसालाच.

वकिलीण

दोघांचंही थोडं दुरुस्त करते.

गिरगावकर, २००५ च्या बंदीविरुद्ध फक्त मालक कोर्टात नव्हते. बारबालांची स्वतःची युनियन होती, बायकांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संघटनाही होत्या. तेव्हा 'मालकांनी बायकांना पुढे केलं' हे वाक्य त्या बायकांवर अन्याय करतं. त्या आपल्या पायांनी कोर्टात आल्या होत्या. महिन्याच्या पगाराचंही तसंच. ती अट गेली, पण लेखी करार आणि बँकेतून मोबदला या गोष्टी सर्वोच्च न्यायालयाने ठेवल्या. ठरलेला महिना म्हणजे एकाच बारशी बांधून घेणं, आणि दोन-तीन ठिकाणी कार्यक्रम करणाऱ्या बाईला ते परवडत नाही. हा मुद्दा मला पटतो.

परमिट रूम, तुम्हीही सगळं जिंकला नाहीत. रात्री साडेअकराची मर्यादा राहिली, नोटा उधळण्यावरची बंदी राहिली. गेल्या त्या अटी म्हणजे आतले सीसीटीव्ही, देवळापासून आणि शाळेपासून एक किलोमीटरचं अंतर, नाचाच्या जागी दारू न देणं. मुंबईत एक किलोमीटरच्या आत देऊळ नाही अशी जागा शोधून दाखवा. ती अट घालताना सरकारला मागच्या दाराने बंदीच हवी होती.

मोरीपासून

कायद्याची कलमं वाचली. आता आतलं सांगतो. माझे वडील एका हॉटेलात मोरीवर लागले, मग टेबल पुसायला, मग वेटर. नाव घेत नाही, मालक आता हयात नाहीत. रात्री शटर पडलं की टिपेचा डबा काउंटरवर उलटा व्हायचा. आधी फुटलेल्या ग्लासांचे पैसे बाजूला काढले जायचे, मग कॅप्टनचा वाटा, मग वेटरांचा. मोरीवाल्यापर्यंत चिल्लर पोचायची, कधी तीही नाही. कोणता ग्लास कोणी फोडला हे कोणी विचारत नसे. झोपायला तीच टेबलं जोडून.

म्हणून सर्व्हिस चार्जच्या खटल्यात मालकांच्या राष्ट्रीय संघटना 'हा पैसा कर्मचाऱ्यांचा' असं सांगत होत्या तेव्हा मला तो डबा दिसत होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायला मनाई केली, त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयातून स्थगिती मिळाली. २८ मार्च २०२५ ला दोन्ही संघटनांच्या याचिका फेटाळल्या गेल्या आणि प्रत्येकी १ लाखाचा खर्च बसला. तोपर्यंत अडीच वर्षांहून जास्त काळ वसुली चालू होती. त्यातलं मोरीपर्यंत किती गेलं? कामगाराचा पैसा असेल तर तो पगारात घाला आणि पदार्थाची किंमत वाढवा. गिऱ्हाईक देईल किंवा देणार नाही, पण निदान ते प्रामाणिक होईल.

परमिट_रूम

ग्लासांच्या पैशांबद्दल तुमचं खरं आहे, आणि ते वाईटच होतं. पण सर्व्हिस चार्जचा खटला आहारचा नव्हता. तो एनआरएआय आणि एफएचआरएआय या रेस्टॉरंट-हॉटेल मालकांच्या दोन राष्ट्रीय संघटनांचा. माझ्यासारख्या परमिट रूमच्या बिलात सर्व्हिस चार्ज कधी नव्हताच. सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

उलट या राष्ट्रीय संघटनांनी एक काम केलं त्याचं श्रेय द्या. ऑगस्ट २०१९ मध्ये रेस्टॉरंटं झोमॅटोसारख्या अॅपच्या सवलत योजनांतून सामुदायिकपणे बाहेर पडली. मग एनआरएआयने झोमॅटो आणि स्विगीविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली आणि एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. एकट्या दुकानदाराने हे केलं असतं तर अॅपवर त्याचं नाव शोधूनही सापडलं नसतं.

सॅन_होजे

अमेरिकेतलं सांगते, म्हणजे संघटना फार ताकदवान झाली तर काय होतं ते कळेल. इथली नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन १९१९ सालची. टिप मिळणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवर आहे. १९९६ ला साधं किमान वेतन वाढलं तेव्हा या संघटनेच्या आग्रहामुळे टिपवाल्यांचं तिथेच गोठवलं गेलं. टिप धरून किमान वेतन भरत नसेल तर फरक मालकाने द्यायचा असतो, पण तो मागायचा कोणी, त्याच मालकाकडे? कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं ही सवलत मानत नाहीत, आणि हॉटेलं इथेही भरलेली असतात. परमिट रूम यांची संघटना लहान माणसाची असेल, पण पगाराचा विषय आला की लहान मालक आणि मोठा मालक एकाच बाजूला बसतात.

गिरगावकर_१०

वकिलीण, बायका स्वतः कोर्टात होत्या हे मान्य, आणि पगाराच्या अटीला ती दुसरी बाजू आहे हेही. माझा आक्षेप तरी उरतोच. मालकांची संघटना व्हॅटसाठी राज्यभर शटर पाडू शकते, मग सभासदांना मोरीवाल्याच्या हजेरीपुस्तकाची सक्ती का करू शकत नाही? परमिट रूम, तुम्हालाच थेट विचारतो. १४ जुलैचा पगार पोरांना दिलात?

परमिट_रूम

दिला. सगळ्यांनी दिला असेल असं मी म्हणणार नाही.

मोरीपासून

मग पुढच्या बंदच्या परिपत्रकात मागण्यांच्या वर ती ओळ घाला: बंदच्या दिवसाचा पगार कापायचा नाही. तुम्ही सभासद आहात, ठराव मांडा. मंजूर झाला तर इथे येऊन सांगा, नाही झाला तर कोणत्या कारणाने ते सांगा.

परमिट_रूम

पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडतो. अनुमोदक लागेल, तो मी शोधतो.