कीट्सची शरीररचनेची वही: कंटाळ्याचा पुरावा की अभ्यासाचा?

प्रश्न (शब्दयात्री):
इंग्रज कवी जॉन कीट्स ऑक्टोबर १८१५ मध्ये लंडनच्या गाय्ज (Guy's) रुग्णालयात विद्यार्थी म्हणून दाखल झाला. तेथील व्याख्यानांच्या त्याच्या टिपणांची वही आजही जतन केलेली असून १९३४ मध्ये ती छापूनही प्रसिद्ध झाली. वहीच्या समासात त्याने फुले रेखाटली आहेत, आणि त्यांवरून त्याचे वर्गात लक्षच नसे, असे अनेकदा लिहिले जाते. हा निष्कर्ष कितपत योग्य आहे? वैद्यकाचा त्याच्या कवितेशी काही खरा संबंध दाखवता येतो का?

उत्तर १ (विद्याधर):
समासातील फुलांना गरजेपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. तो गाय्ज रुग्णालयात आला तेव्हा एडमंटन येथील शल्यवैद्य थॉमस हॅमंड यांच्याकडे त्याची काही वर्षांची उमेदवारी झालेली होती. मार्च १८१६ पासून तो ड्रेसर म्हणून काम करू लागला. जखमा बांधणे, रुग्णांची देखभाल करणे आणि शस्त्रक्रियेच्या वेळी शल्यवैद्याला हातभार लावणे हे ड्रेसरचे काम असे, आणि तेही भूल देण्याचे तंत्र माहीत नसलेल्या काळात. त्याच वर्षीच्या २५ जुलैला तो अपॉथेकरी (औषधे तयार करून देणारा वैद्य) परवान्याची परीक्षा उत्तीर्ण झाला. लक्ष नसलेल्या विद्यार्थ्याला हे जमले असते, असे मला वाटत नाही.

उत्तर २ (मीरा):
विद्याधर यांच्याशी मी सहमत आहे. मात्र मन दुसरीकडे ओढले जात होते, हेही नाकारता येत नाही. व्याख्यान चालू असताना खोलीत उन्हाची तिरीप आली आणि तिच्यात तरंगणाऱ्या जिवांबरोबर आपण परीराज्यात निघून गेलो, असे कीट्सने सांगितल्याची आठवण त्याचा मित्र चार्ल्स काउडन क्लार्क याने नोंदवली आहे. चार्ल्स ब्राउन या दुसऱ्या मित्राच्या आठवणीनुसार, शेवटच्या शस्त्रक्रियेत त्याने एका माणसाच्या कानशिलावरील धमनी अतिशय सफाईने उघडली, पण त्या वेळी मनात काय काय येऊन गेले हे आठवल्यावर आपला हात चुकला नाही याचेच त्याला नवल वाटले, आणि पुन्हा त्याने ते शस्त्र हाती घेतले नाही. म्हणजे अडचण कौशल्याची नव्हती.

उत्तर ३ (ग्रंथसखा):
कवितेशी असलेल्या संबंधाचा धागा वहीतच सापडतो, आणि तो फुलांपेक्षा कितीतरी बोलका आहे. मज्जातंतूंविषयीच्या टिपणात पोलंडचा देशभक्त कोश्चुश्को याचा उल्लेख येतो: भाल्याच्या जखमेने त्याच्या पायाचा मोठा मज्जातंतू तुटला होता आणि पायातील संवेदना परतायला फार काळ लागला. १८१६ च्या अखेरीस कीट्सने याच कोश्चुश्कोवर सुनीत लिहिले. सुनीतात जखमेचा उल्लेख नाही, आणि टिपणातूनच कविता जन्मली असा दावा मी करणार नाही. पण १८१९ मधील ‘ओड टू सायकी’ या कवितेत तो मेंदूला वेलींच्या जाळीसारखा गुंफलेला, सतत काम करणारा असे रंगवतो, तेव्हा मज्जासंस्थेवरील व्याख्याने मन लावून ऐकलेला विद्यार्थी तेथे मला स्पष्ट दिसतो.

आणखी एक गोष्ट: मे १८१८ मध्ये, म्हणजे व्यवसाय सोडून बराच काळ लोटल्यावर, वैद्यकाची पुस्तके देऊन टाकली नाहीत याचा आनंद वाटतो आणि ती पुन्हा चाळणार आहे, असे त्याने रेनल्ड्स या मित्राला लिहिले होते.

शब्दयात्री:
कोश्चुश्कोचा संदर्भ मला अगदीच नवा आहे. आता ते सुनीत आणि वहीतील ती नोंद शेजारी ठेवून वाचेन. सर्वांचे आभार.