पन्हाळीचं पाणी पायाजवळ सोडू नका

क्र. ७ वहिनी: सगळ्यांना नमस्कार. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग गेली आहे. उन्हाळ्यात केसाएवढी होती, आता नख जायलंय. कुणी चांगला पुट्टीवाला आहे का? दिवाळीआधी रंग द्यायचाय.

क्र. 12 भाऊ: आमच्याकडं पण आहे, जिन्याखाली. मला तर 1993 चं किल्लारीच आठवलं. धक्का बसला नसंल ना?

क्र. 3 काका: धक्का असता तर सगळ्या परभणीला कळलं असतं. वहिनी, पुट्टी भरू नका. आधी बाहेर जाऊन बघा, गच्चीचा पाईप कुठं सुटलाय?

क्र. 7 वहिनी: त्याच कोपऱ्यात काका. खालची फरशी भिंतीकडं कलली आहे. पाणी दोन-दोन दिवस हटत नाही.

क्र. 3 काका: मग दुखणं तिथंच आहे. मी तीस वर्षं साईटवर काढली, म्हणून जरा लांब लिहितो. आपल्याखाली काळी माती आहे. उन्हाळ्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात, तीच माती पाणी पिऊन फुगते. घराखाली मधली माती कोरडी आणि कडेची ओली झाली की पाया एका बाजूनं उचलला जातो, वाळली की तीच बाजू खचते. भिंतीला हे वरखाली सोसत नाही. ती खिडकीच्या कोपऱ्यातूनच तडकते, कारण तिथं ती कमजोर असते. आता हिशोब करा. हजार चौरस फूट गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण 4,650 लिटर पाणी होतं. म्हणजे जवळजवळ एक टँकर आपण एकाच कोपऱ्यात ओततो. मे महिन्यात ह्याच टँकरसाठी आपण फोन करत बसतो, हे मला फार लागतं.

क्र. 8 दादा: काका, पण वहिनींनी पाईप वळवला तर पाणी आमच्या भिंतीला येईल. ते चालणार नाही.

क्र. 3 काका: बरोबर आहे दादा, यायलाच नको.

सेक्रेटरी: समोरच्या गटारीत सोडलं तर? पण काँक्रीट झाल्यापासून रस्ता अंगणापेक्षा वर आलाय. पाणी उलटं आत यायलंय.

क्र. 3 काका: म्हणून मागच्या कंपाउंडच्या कडेनं सगळ्यांची मिळून एक बंद लाईन टाकू आणि ओपन स्पेसच्या बोअरजवळ नेऊ. बोअरआधी दगड, खडी, वाळूचा गाळणखड्डा पाहिजे, गढूळ पाणी थेट आत नको. घराजवळ मात्र शोषखड्डा कुणी खोदू नका, पाणी परत पायाकडंच जाईल. भिंतीलगत काळी माती काढून मुरूम धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट बसवून भरायचा, त्यावर तीन फूट काँक्रीट, बाहेरच्या बाजूला एक इंच ढाळ.

क्र. 11 काकू: माझा मोगरा भिंतीला लागूनच आहे, रोज पाणी घालते.

क्र. 3 काका: काकू, तो कुंडीत घ्या. मोगरा पण जगेल.

सेक्रेटरी: रविवारी सकाळी आठला मागच्या बाजूला जमू. ढाळ बघायला लेव्हल पाईप मी आणतो.

क्र. 8 दादा: लाईन सगळ्यांची असेल तर आमची वर्गणी धरा.

क्र. 7 वहिनी: आणि भेगेचं काय करू तोवर?

क्र. 3 काका: भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरनं चिकटवा, शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून हलायलीय. पट्टी मी संध्याकाळी आणून लावतो.