63 चिंबोऱ्या पकडल्यात, त्यातल्या सोडल्यात किती?

खारेपाटकर
परवा इथे टबभर चिंबोऱ्यांचा, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांचा, फोटो आला, खाली लिहिलंय "धरमतर खाडी, एक रात्र, 63 चिंबोऱ्या, बारक्या पण सोडू नका रे, वाटून रश्शाला घाला". ढीगभर बदाम पडलेत त्यावर. दोन दिवस गप्प बसलो पण ते "सोडू नका" काही डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझ्या आत्याने याच खाडीत चिंबोऱ्या धरून तीन पोरं शिकवली. ओहोटीला कांदळवनात मांडीभर चिखल, हातात लोखंडी आकडी, ती बिळात घातली की नुसत्या हाताला लागणाऱ्या धक्क्यावरून सांगायची आत केवढी आहे. पंजापेक्षा बारकी असली की तशीच सोडायची, कारण दिवाळीनंतर तीच मोठी होऊन तिलाच मिळणार असायची. आता शनिवारी रात्री पुलाजवळ गाड्यांची रांग, एकेकाकडे दहा-बारा पगोळ्या (गोल कडीच्या जाळ्या), कोंबडीचे पाय बांधून टाकायच्या आणि येईल ते टबात. रविवारी सकाळी आत्याची सून जाते तर तिला दोन-तीन मिळतात. हौस मी पण करतो. पण पंजाएवढी नसेल ती परत पाण्यात, आणि पोटाला अंडी दिसली तर ती पण परत, एवढंच मागतोय. त्या टबात सात-आठ तरी अंडीवाल्या माद्या होत्या.

पगोळी_राजा
फोटो माझा आहे म्हणून उत्तर देतो. आम्ही सहा जण होतो, म्हणजे माणशी दहा पडल्या, त्याला लूट म्हणायची असेल तर म्हणा. आणि मी काय परग्रहावरून नाही आलो, माझे आजोबा याच काठावर मिठागरात राबले, मी नोकरीसाठी ठाण्यात राहतो म्हणून लगेच पाहुणा झालो का? बाजारात जाऊन बघा, बारक्या चिंबोऱ्यांचे वाटे लावलेले असतात, ते हौशी लोक आणत नाहीत. तिथे एक शब्द बोलायचा नाही आणि वर्षातून चार वेळा खाडीवर येणाऱ्याला धरायचं. वडिलांनी मला पगोळी टाकायला शिकवली, मी माझ्या मुलीला शिकवतोय. तुम्हाला कोण विचारायला आलंय?

भरती_ओहोटी
दोघांनाही सांगायचंय. खारेपाटकर, फोटो मी मोठा करून पाहिला, त्यात अंडीवाली एकही नाही. चिखलातल्या चिंबोरीची मादी अंडी बाहेर आली की खाडीत थांबत नाही, ती समुद्राकडे खोल पाण्यात जाते, पिल्लं तिकडे सुटतात आणि बारीक झाली की परत खाडीत येतात. तुम्हाला जे दिसलं ती पोटाला रुंद पट्टी असलेली पूर्ण वाढलेली मादी, आत लाख, म्हणजे अजून बाहेर न आलेली अंडी, भरलेली असणार. पण तिला खाल्लं तरी हिशोब तोच होतो हो, ती समुद्रात पोचलीच नाही. लाखांनी अंडी असतात एकेकीला. पगोळी_राजा, माणशी दहा ठीक, पण फोटोत निम्म्या तरी कधी एकदाही न व्यालेल्या आहेत.

खारेपाटकर
बरं, अंड्यांचं माझं चुकलं. बाकी एक शब्द मागे घेत नाही.

ब्रिस्बेनची_माई
मी बारा वर्षं क्वीन्सलँडमध्ये आहे, इथे हीच चिखलातली चिंबोरी आणि लोक हौसेने पकडतात, अगदी आजी-आजोबा सुद्धा. नियम असा की नुसता नर ठेवायचा, तोही पाठीवर 15 सेंटीमीटर रुंद भरला तर, माणशी 7, पिंजरे माणशी 4, आणि पिंजऱ्याला बांधलेल्या तरंगत्या बोयावर स्वतःचं नाव-पत्ता लिहायचा. मादी कितीही मोठी असली तरी सोडायची. सुरुवातीला माझ्या नवऱ्याला फार जड गेलं, लाखेची चिंबोरी पाण्यात टाकताना अक्षरशः हात थरथरला त्याचा. पण चिंबोऱ्या मिळतात हो, दर वेळी मिळतात.

पगोळी_राजा
ताई, तिथे माणसं किती आणि खाडी केवढी. इथे माणसाला पगार पुरत नाही आणि तुम्ही मोजपट्टी घेऊन उभ्या राहताय.

भरती_ओहोटी
माईंचा 15 चा आकडा इथे जसाच्या तसा चालणार नाही हे मात्र खरं. आपल्याकडे दोन जाती मिसळलेल्या आहेत, मोठी हिरवट आणि लहान तांबूस. तांबूस जात पूर्ण वयात आली तरी सहसा 15 ला पोचत नाही, म्हणजे ती कधीच धरता येणार नाही. जातीप्रमाणे आकार हवा. राज्याने 2023 मध्ये 54 जातींना किमान आकार ठरवून दिला, पापलेटला 135 मिलिमीटर वगैरे, पण रात्री पुलाखाली कोण मोजायला येणार.

बांधावरचा
तुम्ही चिंबोऱ्या मोजत बसा. दिवसरात्र बार्ज चालतात, त्यांच्या लाटांनी आमचा खारबंदिस्तीचा बांध दोनदा फुटला, शेतात खारं पाणी शिरलं, तीन वर्षं भात नाही. बिळं असलेला सगळा काठच ढासळला तर चिंबोरी राहणार कुठे? पगोळीवाल्याने 10 नेल्या म्हणून नाही संपत त्या. आधी काठ वाचवा मग पंजाने मापा.

खारेपाटकर
दादा, बांधाचं दुःख मला माहिती आहे, आमची पण दोन खाचरं गेली. पण काठ कमी झाला म्हणजे उरलेल्या बिळांतल्या बारक्या पण काढून न्यायच्या, हा कुठला हिशोब? उलट जास्त जपायला हव्यात ना.

आगरी_चूल
एक विचारू का, 63 चिंबोऱ्या पकडल्या कुठल्या तिथीला? फोटोतला चंद्र बघा, पौर्णिमा आहे. पौर्णिमेच्या चिंबोऱ्या पोकळ, आतून नुसतं पाणी. 63 काय 100 पकडल्या तरी एका अमावस्येच्या चिंबोरीची चव नाही. आमच्या घरात पौर्णिमेला चिंबोरी चुलीवर चढतच नाही.

भरती_ओहोटी
हे ऐकून ऐकून थकलो. चिंबोरी पोकळ होते ती कात टाकल्यावर, कवच मोठं होतं आणि आत मांस भरायला वेळ लागतो. बारकी वारंवार कात टाकते, मोठी काही महिन्यांतून एकदा. मग दर पौर्णिमेला सगळ्याच्या सगळ्या पोकळ कशा होतील? पोकळ चिंबोरी विकत घेऊन पिंजऱ्यात तीन-चार आठवडे मासळीचे तुकडे घालून भरवणारे लोक आहेत, ते तिथी बघत नाहीत.

आगरी_चूल
माझी आजी अंगठ्याने पोट दाबून घ्यायची, दबलं की परत. पन्नास वर्षं. पौर्णिमेच्या दहातल्या आठ परत जायच्या. तुम्ही किती दाबल्यात?

मालवणचो_झील
आज्येचा खराच आसा. चांदण्यात कुर्ली बिळाभायर येना नाय, खावक गावना नाय, म्हणान पोकळ. ह्या आमच्या खाडयेत शाळेतलो पोर पण सांगात.

भरती_ओहोटी
मग श्रावणातली पौर्णिमा? आभाळ भरलेलं, चांदणं नावाला नाही. तेव्हा भरलेल्या मिळायला हव्यात. मिळतात?

मालवणचो_झील
श्रावणात आमी खायनाच नाय.

आगरी_चूल
आणि उधाण अमावस्येला पण असतं, पौर्णिमेला पण असतं, मग पगोळीत भरलेली चिंबोरी अमावस्येलाच का? ह्याचं उत्तर पुस्तकात नसेल, कारण पुस्तकवाल्यांनी पगोळी ओढलेली नाही.

भरती_ओहोटी
मी मुरुडच्या खाडीत चिखलात उभं राहूनच शिकलोय, घरी बसून नाही. तुम्ही मला ओळखत नाही तेव्हा जपून बोला. पोकळ निघाली की तिथी आठवायची, भरलेली निघाली की कुणी तिथी बघत नाही, अशानेच असे समज पिढ्यानपिढ्या टिकतात.

आगरी_चूल
म्हणजे माझी आजी खोटं बोलायची?

खारेपाटकर
अरे, धागा बारक्या चिंबोऱ्यांचा आहे! आजी राहू दे बाजूला, हात जोडतो. पण पौर्णिमेला पोकळ असतात असं खरंच मानत असाल तर त्या रात्री कुणी जाऊच नका, महिन्यातली एक रात्र तरी खाडीला विश्रांती मिळेल. पावसाळी बंदी 1 जून ते 31 जुलै, ती पण यांत्रिक बोटींना, पगोळीला तेव्हाही कुणी अडवत नाही.

पगोळी_राजा
ऐका आता. काल रात्री मुलीने हा धागा वाचला आणि विचारलं की बाबा, बारक्या का नाही सोडल्या. मला उत्तर देता आलं नाही, हे लिहायला मला अजिबात आवडत नाहीये. पुढच्या वेळी पंजाखालच्या सोडीन, तिच्यासाठी, तुम्ही सुनावलंत म्हणून नाही. माद्यांचं मात्र कबूल करणार नाही, लाखेची मिळाली तर मी खाणार. आणि आगरी_चूल, त्या रात्री पौर्णिमा नव्हती, त्रयोदशी होती, आणि चिंबोऱ्या गच्च भरलेल्या होत्या.

आगरी_चूल
त्रयोदशी म्हणजे पौर्णिमेला दोन दिवस. गच्च कशा असतील? पोट दाबून बघितलं होतं का?