स्पॅनिशभाषक विद्यार्थ्यांना तंत्रज्ञानाचे इंग्रजी शिकवताना सुरुवात कुठून करावी?

निशिगंध:
नमस्कार. मी पुण्याहून ऑनलाइन इंग्रजी शिकवते. सध्या माझ्या वर्गात मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरातले, संगणक दुरुस्ती आणि ग्राहकसेवा विभागांत काम करणारे काही विद्यार्थी आहेत. इंटरनेट, सॉफ्टवेअर यांसारखे शब्द त्यांच्या भाषेत रुळलेलेच आहेत. परंतु तक्रारीला उत्तर लिहायला बसले की 'इज नॉट वर्किंग द प्रिंटर' अशी वाक्ये येतात. पाठ्यपुस्तकातला व्याकरणाचा क्रम या कामाला उपयोगी पडत नाही. आधी काय घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शब्दवेध:
आपण दिलेले वाक्य 'नो फुन्सिओना ला इम्प्रेसोरा' याचेच इंग्रजी रूप आहे. स्पॅनिशमध्ये कर्ता क्रियापदानंतर आलेला चालतो आणि संदर्भाने कळत असेल तर गाळलाही जातो. 'प्रत्येक इंग्रजी वाक्यात क्रियापदाआधी कर्ता हवा, निदान इट तरी हवा' एवढा नियम पक्का केला, की ही चूक आटोक्यात येते.

मी मात्र सर्वांत आधी नामांच्या साखळ्या घेईन. 'कस्टमर डेटा बॅकअप सर्व्हर' यात मुख्य नाम शेवटी आहे. स्पॅनिशमध्ये तेच 'सेर्विदोर दे रेस्पाल्दो दे दातोस दे क्लिएन्तेस' असे होते, म्हणजे मुख्य नाम अगदी आरंभी येते आणि उरलेली नामे 'दे' या शब्दाने एकामागून एक जोडली जातात. मराठीत 'जिल्हा नियोजन समिती सभागृह' असे मुख्य नाम शेवटीच येत असल्यामुळे आपल्याला यात काही अवघड वाटत नाही, आणि म्हणूनच मराठीभाषक शिक्षकाच्या नजरेतून ही अडचण सहज निसटते. विद्यार्थ्यांना शेवटच्या शब्दाखाली रेघ ओढायला सांगून साखळी उलटी वाचून घ्यावी: सर्व्हर; कशाचा, तर बॅकअपचा; कशाचा बॅकअप, तर डेटाचा; कोणाचा डेटा, तर ग्राहकांचा. पुढे लिहिताना ते 'क्लायंट्स डेटा' किंवा 'फाइव्ह मिनिट्स टाइमआउट' लिहितील, तेव्हा साखळीतले आधीचे नाम सहसा एकवचनी राहते, हे तिथेच दाखवून द्यावे.

लोलक:
वरील मताशी सहमत आहे. क्रियापदांपैकी 'शट डाउन', 'सेट अप', 'लॉग इन' ही जोडक्रियापदे लवकर घ्यावीत. स्पॅनिशमध्ये 'अपागार' या एकाच शब्दात काम भागते, त्यामुळे विद्यार्थी 'शट डाउन इट' असे लिहितात. सर्वनाम मध्ये घालून 'शट इट डाउन' म्हणायचे, हे कानावर वारंवार पडल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

दुसरी गोष्ट आपल्यालाही लागू आहे. 'इट इज नॉट वर्किंग सिन्स टू आवर्स' असे मराठीभाषक सर्रास लिहितात, कारण मनात 'दोन तासांपासून चालत नाही' हे वाक्य असते. स्पॅनिशभाषकांच्या मनात 'नो फुन्सिओना देस्दे आसे दोस ओरास' असते. त्यातही वर्तमानकाळच आहे, म्हणून चूक जवळजवळ तीच होते. 'इट हॅज नॉट वर्क्ड फॉर टू आवर्स' हे वाक्य तक्रारींच्या कामात रोज लागते, तेव्हा काळांच्या प्रकरणाची वाट न पाहता ते पहिल्याच आठवड्यात शिकवावे.

निशिगंध:
दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक शंका आहे. 'अ‍ॅक्च्युअली द सर्व्हर इज डाउन' हे वाक्य वर्गात फार ऐकू येते आणि त्याचा रोख मला नीट कळत नाही.

शब्दवेध:
त्यांना 'सध्या' म्हणायचे असते. स्पॅनिश 'आक्त्वालमेन्ते' याचा अर्थ 'सध्या' असा आहे, तेव्हा तिथे 'करंटली' हवे. 'आक्त्वालिसार' म्हणजे अद्ययावत करणे; त्यातूनच 'अ‍ॅक्च्युअलाइज द अ‍ॅप' असे इंग्रजी तयार होते.

यांहून जास्त जपावे ते आकड्यांना. इंग्रजी बिलियन म्हणजे आपला अब्ज, एकावर 9 शून्ये. स्पॅनिश 'बियोन' म्हणजे एकावर 12 शून्ये, आणि अब्जाला ते 'मिल मियोनेस' म्हणतात. अहवालातली अशी संख्या शब्दांत न लिहिता अंकांत लिहायला लावावी. मेक्सिकोत दशांशासाठी टिंबच वापरतात, त्यामुळे तिथे आपल्या विद्यार्थ्यांना अडचण येणार नाही. पुढे स्पेन किंवा अर्जेंटिनाचे विद्यार्थी आले, तर तिकडे स्वल्पविराम चालतो, एवढे मात्र लक्षात असू द्यावे.