परदेशी जाताना रोजची औषधं कशी नेलीत? अनुभव सांगा

जूनमध्ये आईबाबा तीन महिन्यांसाठी ताईकडे न्यू जर्सीला चाललेत. बाबांना बीपी आणि शुगर, आईला थायरॉईड, दोघांच्या मिळून रोजच्या 9 गोळ्या, म्हणजे 90 दिवसांच्या 810! काल स्ट्रिपा मांडल्या तर डायनिंग टेबल दिसेना. बाबा म्हणतात गोळ्या काढून डब्यात भरू, जागा वाचेल. मला धाकधूक वाटतेय. कोणाला कुठे काय विचारलं, काय अडलं, प्लीज सविस्तर लिहा.

—

अजिबात काढू नका हो! आम्ही सासूबाईंच्या बाबतीत हेच केलं, सोम-मंगळ लिहिलेला तो कप्प्यांचा डबा असतो ना, त्यात सगळं भरलं. तिकडे उतरल्यावर ऑफिसरने विचारलं या कशाच्या गोळ्या, आणि त्यातल्या दोन पांढऱ्या अगदी सारख्या, आम्हालाच सांगता येईना. पाऊण तास बसवून ठेवलं. सासूबाई पदराचं टोक नुसतं पिळत होत्या, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. नशिबाने मोबाईलमध्ये प्रिस्क्रिप्शनचा फोटो सापडला म्हणून सुटलो. तेव्हापासून केमिस्टला सांगते, स्ट्रिप कापायची नाही, अख्खी द्या, कारण कापली की नाव एका तुकड्यावर आणि एक्सपायरी दुसऱ्यावर. आणि डॉक्टरांकडून जेनेरिक नावं लिहून घ्या, आपले ब्रँड तिकडे कोणाला कळत नाहीत, साध्या पॅरासिटामॉललासुद्धा अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. तिथे साधारण 90 दिवसांपर्यंतचा साठा चालतो, त्यामुळे तुमचं बरोबर बसतंय.

—

दुबईला जाणाऱ्यांनी जास्त सांभाळा. पुण्याच्या लोहगावहून थेट फ्लाईट, तीन-चार तासांचा प्रवास, म्हणून आपण फार विचार करत नाही. माझ्या कंबरदुखीला डॉक्टरांनी ट्रामाडॉल दिलं होतं, मित्राने वेळेवर सांगितलं की ते तिकडे कंट्रोल्ड आहे, आधी तिथल्या सरकारची ऑनलाईन परवानगी लागते. कोडीनवाली खोकल्याची औषधं आणि नसांच्या दुखण्यावरचं प्रिगॅबालिन यांचंही तेच. मी डॉक्टरांना विचारून गोळीच बदलून घेतली. हो, आणि अनारशांसाठी खसखस अजिबात नेऊ नका, तिथे बंदी आहे.

—

माझा मुलगा 11 वर्षांचा, त्याला टाईप वन डायबिटीस. लंडनला जाताना झोप उडाली होती माझी. इन्सुलिन चेक-इन बॅगेत टाकायचं नाही, खाली थंडीने गोठू शकतं, आणि एकदा गोठलं की परत वितळलं तरी वापरायचं नसतं. हे माहीत असूनही चूक झालीच, घाईत इन्सुलिनचं एक पेन गार जेलपॅकला चिकटून ठेवलं गेलं आणि कोथरूडहून मुंबई एअरपोर्टला पोचेपर्यंत आत बर्फाचे कण! टाकून दिलं. आता प्रत्येक पेन आधी नॅपकिनमध्ये गुंडाळते मगच पाउचमध्ये. अर्धा साठा नवऱ्याच्या हँडबॅगेत, अर्धा माझ्या, एक हरवली तरी पोराचं अडणार नाही. सिक्युरिटीला ट्रेमध्ये ठेवायच्या आधीच सांगते, इन्सुलिन आहे, सुया आहेत, हे डॉक्टरांचं पत्र. लिक्विडचा 100 मिलीचा नियम औषधांना नसतो, पण आपण आधी बोललेलं बरं पडतं.

—

जपानचं थोडक्यात. प्रिस्क्रिप्शनची औषधं एक महिन्याची चालतात, जास्त न्यायची तर आधी अर्ज करून युन्यू काकुनिन-शो नावाचं सर्टिफिकेट घ्यावं लागतं. आणि स्युडोइफेड्रिन 10 टक्क्यांच्या वर असलेली सर्दीची गोळी बिलकुल चालत नाही, म्हणून घरातल्या सर्दीच्या गोळ्यांची पाकिटं उलटी करून कंटेंट वाचा.

—

खूप खूप आभार सगळ्यांचे. बाबांना वाचून दाखवलं, डबा परत कपाटात गेला. उद्या डॉक्टरांकडे जाऊन लेटरहेडवर पत्र घेते, दोघांची वेगवेगळी. फक्त एक सांगा, आईची थायरॉईडची गोळी पहाटे उपाशीपोटी असते, तर विमानात इथल्या वेळेने दिलीत का तिथल्या?